काळजाची पोथी

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने फोन करून भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "यकृताच्या कर्करोगातले जनुकीय बदल." पलीकडे जरा शांतता पसरली. मग हळूच प्रश्न आला, "ताई, हे जेवणाआधी ठेवायचं की नंतर?" आधी ठेवलंत हे बरं केलंत. नंतर ठेवलं असतं तर निम्मी मंडळी डुलक्या घेत बसली असती.

आपण 'काळीज' हा शब्द हृदयासाठी वापरतो. आईचं काळीज, काळीज चर्र झालं, उलट्या काळजाचा माणूस. पण मटणाच्या दुकानात जाऊन कलेजी मागा, दुकानदार काय देतो? यकृत! काळीज म्हणजे मुळात यकृतच. आपल्या पूर्वजांनी माया आणि धैर्य यकृतात ठेवलं होतं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. हृदय बिचारं एक पंप आहे, घरचा संसार यकृत चालवतं. साखर साठवायची, रक्त गोठवणारी प्रथिनं तयार करायची, औषधं असोत की दारू, सगळ्याची विल्हेवाट लावायची. आणि हे सगळं तोंडातून ब्र न काढता. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळतच नाहीत, त्यामुळे तिथं वीस-तीस वर्षं काही बिघडत असलं तरी मालकाला पत्ता नसतो.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे रुग्ण मला फारसा भेटत नाही, त्याच्या यकृताचा नखाएवढा तुकडा काचेच्या पट्टीवर माझ्यासमोर येतो. जगभरात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि साडेसात लाखांहून अधिक माणसं त्यानं दगावली. हे दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत बघा. फुप्फुस आणि मोठं आतडं यांच्या खालोखाल कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंत यकृताचा नंबर लागतो. बहुतेक वेळा रोग कळतो तोच उशिरा.

आता जनुकांकडे वळू. आपल्या प्रत्येक पेशीत एक पोथी असते असं समजा. एक प्रत आईकडून आलेली, एक वडिलांकडून. प्रत्येक प्रतीत सुमारे ३०० कोटी अक्षरं, पण वर्णमाला मात्र चारच अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. या पोथीत सुमारे वीस हजार जनुकं, म्हणजे वीस हजार अध्याय म्हणा. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत पोथी तीच असते. मग यकृत पित्त का बनवतं आणि डोळा का बनवत नाही? कारण प्रत्येक पेशी पोथीतले ठराविक अध्यायच वाचते. बाकीची पानं चिकटवून टाकलेली असतात.

म्हणजे पोथी बिघडण्याच्या दोन तऱ्हा झाल्या. एक, अक्षरच बदलणं. 'दिन' या शब्दाची वेलांटी बदला, 'दीन' होतो, दिवसाचा भिकारी होतो. हा झाला जनुकीय बदल, म्युटेशन. दुसरी तऱ्हा, अक्षरं शाबूत आहेत पण भलतं पान चिकटलं किंवा बंद असायला हवं ते पान उघडलं. हे एपिजेनेटिक्स. १९४२ साली वॉडिंग्टन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं हा शब्द रूढ केला, तेव्हा डीएनएची रचनासुद्धा कळलेली नव्हती! यकृताच्या कर्करोगात या दोन्ही तऱ्हा हातात हात घालून चालतात.

पहिल्या तऱ्हेची एक गोष्ट सांगते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तेव्हा दोष निघाला त्यांना घातलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. पेंडीत बुरशी होती आणि त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, पक्ष्यांच्या यकृताला भोवलं होतं. हे केवळ पक्ष्यांपुरतं नाही. १९७४ साली गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागांत पावसात भिजून बुरशी आलेला मका गोरगरिबांनी खाल्ला. खाणार काय दुसरं? शंभराहून अधिक माणसं यकृत निकामी होऊन गेली. घरातला तोच मका खाणारी कुत्रीसुद्धा आजारी पडली.

ते विष एकदम जास्त पोटात गेलं तर असं होतं. थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं तर ते पोथीवर हात चालवतं. गंमत अशी की अफ्लाटॉक्सिन स्वतः तितकं घातक नाही. यकृत त्याची विल्हेवाट लावायला जातं आणि त्या खटाटोपात त्याचं एक जहाल रूप तयार होतं. ते डीएनएमधल्या 'जी' या अक्षराला जाऊन चिकटतं. पुढे पेशीनं पोथीची नक्कल केली की त्या जागी 'जी'ऐवजी 'टी' लिहिला जातो.

आपल्या पोथीत पी-५३ नावाचं एक जनुक आहे. पेशीची राखण करणारं. डीएनएला इजा झाली की ते पेशीला थांबवतं, नाहीच जमलं तर तिला मरायला लावतं. १९९१ साली चीनमधल्या चिडोंग भागातल्या यकृताच्या गाठी तपासल्या तेव्हा १६ पैकी ८ गाठींमध्ये या जनुकात अगदी एकाच ठिकाणी बदल सापडला: २४९ क्रमांकाच्या शब्दात एजीजीचा एजीटी झालेला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेकडच्या गाठींतही दुसऱ्या चमूला नेमकी तीच जागा बदललेली दिसली. दोन्ही ठिकाणी लोकांच्या खाण्यात बुरशीचं धान्य होतं. ३०० कोटी अक्षरांत एक अक्षर, आणि ते गुन्हेगाराच्या बोटाच्या ठशासारखं! गाठ बघून सांगता यावं की या माणसानं पूर्वी काय खाल्लं होतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

इथं बऱ्याच ताईंच्या चेहऱ्यावर दाण्याच्या कुटाची काळजी दिसायला लागली आहे. थांबा. अमेरिकेत बाजारात येणाऱ्या शेंगदाण्यांना मर्यादा आहे, शंभर कोटी भागांत २० भाग. त्यावर माल गेला तर तो विकता येत नाही. त्यामुळे साबुदाण्याची खिचडी बेधडक करा. मात्र दमट तळघरात वर्षभर पडून असलेला दाणा, सुरकुतलेला, काळपट, कडू लागणारा, तो "भाजला की सगळं जातं" म्हणून वापरू नका. भाजल्यानं विष कमी होतं पण पूर्ण जात नाही. सुक्या मिरच्यांचंही तेच. गावाहून बॅगेत आणलेलं सगळं अमृत असतं असं नाही, हे मी माझ्या सासूबाईंसमोर मात्र म्हणणार नाही!

अफ्लाटॉक्सिनची खरी भीती त्याच्या जोडीदारामुळे आहे. शांघायमध्ये अठरा हजारांहून अधिक पुरुषांचा पाठपुरावा केला गेला, त्याचे निष्कर्ष १९९० च्या दशकात आले. ज्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनचे अंश होते त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या साडेतीन पटीच्या आसपास. ज्यांना हिपॅटायटिस बी होता त्यांना सात पट. आणि दोन्ही असतील तर? साडेतीन आणि सात मिळून साडेदहा होत नाही, तो धोका निघाला जवळजवळ साठ पट.

तेव्हा आता हिपॅटायटिस बी. आज मी इथं उभी आहे ती खरं म्हणजे याच्यासाठी.

हा विषाणू फार धूर्त आहे. तो स्वतःच्या डीएनएचे तुकडे आपल्या पोथीत घुसवतो. कुणीतरी दुसऱ्याच पुस्तकाची पानं फाडून आपल्या पोथीत मध्येच शिवावीत तसं. कुठंही शिवतो, पण गाठींमध्ये एका जागी तो वारंवार सापडतो, टेलोमरेज बनवणाऱ्या जनुकाच्या जवळ. हे काय प्रकरण? साडीच्या पदराची सुतं सुटू नयेत म्हणून आपण गाठी मारतो ना, तशा गुणसूत्रांच्या टोकांना गाठी असतात. पेशी दुभंगली की दरवेळी त्या थोड्या झिजतात. फार झिजल्या की पेशी थांबते, आणि ते बरंच आहे. टेलोमरेज त्या गाठी पुन्हा विणतं. मोठ्या माणसाच्या यकृतात हे जनुक बंद असतं. विषाणूचं ठिगळ शेजारी आलं किंवा त्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागात एखादं अक्षर बदललं, की ते उघडतं आणि पेशीला अमरपट्टा मिळतो. यकृताच्या कर्करोगात साधारण ६० टक्के गाठींमध्ये या भागात अक्षरबदल दिसतो. इतका वारंवार दिसणारा दुसरा बदल या रोगात नाही.

आता दुसरी तऱ्हा, चिकटलेली पानं. 'सी' या अक्षरावर पेशी एक छोटासा रासायनिक ठिपका लावते, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, त्याला मिथाइल म्हणतात. मी त्याला टिकली म्हणते. जनुकाच्या सुरुवातीला भरपूर टिकल्या लागल्या की ते पान मिटलं. पेशी दुभंगताना या टिकल्यांचीही नक्कल होते, म्हणून यकृताच्या पेशीपासून यकृताचीच पेशी होते. यकृताच्या कर्करोगात टिकल्यांचा सगळा हिशेब उलटा होतो. एकूण पोथीवरच्या टिकल्या कमी होतात, त्यामुळे गप्प बसवलेले उपद्रवी भाग जागे होतात. आणि नेमक्या राखणदार जनुकांवर, उदाहरणार्थ पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या पी-१६ वर, नको तितक्या टिकल्या येतात. अक्षर एकही बदललेलं नसतं, तरी राखणदार गप्प. विषाणू आणि सततची सूज, दोघांचाही यात हात असतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण तुमच्यापैकी काहींच्या रक्ताच्या रिपोर्टवर असेल: एएफपी, अल्फा फीटोप्रोटीन. आईच्या पोटातल्या बाळाचं यकृत हे प्रथिन भरपूर बनवतं. जन्मानंतर ते पान मिटतं आणि आयुष्यभर मिटलेलंच राहतं. १९६३ साली मॉस्कोत अबेलेव यांना यकृतात गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं, पुढच्या वर्षी तातारिनोव यांना ते माणसाच्या रक्तात दिसलं. साठीच्या माणसाच्या यकृतानं गर्भातल्या बाळाचं पान उघडलं होतं! सगळ्याच गाठी असं करत नाहीत, म्हणून नुसत्या एएफपीवर भिस्त ठेवायची नाही, सोनोग्राफी लागतेच.

कुणी विचारेल, टिकलीच आहे ना, मग काढून टाका. कल्पना बरोबर आहे. टिकल्या पुसणारं एक औषध २००४ साली रक्ताच्या एका विकारासाठी अमेरिकेत मान्य झालं. यकृताच्या गाठीवर मात्र अशी औषधं अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाहीत. पुसताना चांगल्या आणि वाईट टिकल्या ओळखायच्या कशा, ही अडचण आहे.

शिवाय काही खुणा चिवट असतात. हिपॅटायटिस सी घ्या. २०१३ नंतर आलेल्या गोळ्यांनी दोन-तीन महिन्यांत हा विषाणू शरीरातून पूर्ण जातो, आणि या विषाणूवरच्या संशोधनाला २०२० चं नोबेल मिळालं. इतका मोठा रोग गोळ्यांनी बरा व्हावा हे आमच्या पिढीनं पाहिलं, हे आमचं भाग्य. पण २०१९ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या चमूनं दाखवलं की विषाणू गेल्यावरही यकृताच्या पेशींमध्ये त्यानं केलेल्या काही एपिजेनेटिक खुणा मागे राहतात. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या या खुणा. भाडेकरू घर सोडून गेला, भिंतीतले खिळे तसेच. म्हणून ज्यांना सिरॉसिस झाला होता त्यांनी "मी बरा झालो" म्हणून दर सहा महिन्यांची सोनोग्राफी सोडायची नाही. मला भेटणारे डॉक्टरसुद्धा कधीकधी हे सांगायला विसरतात.

आता आपल्याकडे येऊ. "लहानपणी कावीळ झाली होती, बरी झाली" असं इथं कितीजण म्हणतील? हात वर करा. बघा, निम्मी खोली! कुणाला माळ घातली असेल, कुणाला उसाचा रस पाजला असेल. पण ती कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए ची, घाण पाण्यातून येणारी. ती पुन्हा कायमची राहत नाही. जी आयुष्यभर घर करून राहते ती बी, आणि तिच्यात डोळे पिवळे झालेले कुणाला आठवतही नसतात. कारण ती बहुतेकदा जन्माच्या वेळी आईकडून किंवा अगदी लहानपणी येते. तान्ह्या बाळाला लागण झाली तर दहापैकी नऊ बाळांत ती कायमची राहते, मोठेपणी झाली तर शंभरात पाचजणांतही राहत नाही. भारतात २०२२ च्या अंदाजानुसार जवळजवळ तीन कोटी लोकांमध्ये हा विषाणू आहे. सरकारी लसीकरणात बी ची लस २००२ च्या सुमारास काही ठिकाणी सुरू झाली आणि २०११ पासून देशभर गेली. म्हणजे या सभागृहातल्या भारतात जन्मलेल्या बहुतेकांना ती बाळपणी मिळालेली नाही. इथं आल्यावर कॉलेजसाठी किंवा नोकरीसाठी घेतली असेल तर चांगलंच, पण लस घेण्याआधी विषाणू होता का, हे कितीजणांनी तपासलं?

पन्नाशीचे एक गृहस्थ मला अशाच एका कार्यक्रमानंतर भेटले. नाव-गाव सांगत नाही. रक्तदान करायला गेले तेव्हा, लग्नाच्या आधी, त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की तुम्ही 'हेल्दी कॅरिअर' आहात, काही करायची गरज नाही. स्थळं मोडतील म्हणून घरात चकार शब्द काढला नाही. पंचवीस वर्षं. बायकोला माहीत नाही, मुलांची तपासणी नाही, स्वतःची एकही सोनोग्राफी नाही. मला विचारत होते ते इतकंच, "आता सांगितलं तर तिला काय वाटेल?" त्याचं उत्तर पॅथॉलॉजीत नाही. पण 'हेल्दी कॅरिअर' हा शब्द आम्ही कधीच टाकून दिला आहे हे मी त्यांना सांगितलं. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, एकाच कपातून चहा प्यायल्यानं हा विषाणू पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात पसरतो. बायको-मुलांना लस देता येते. आणि त्यांच्यासाठी, गरज पडेल तेव्हा, रोज एक गोळी आहे. तिनं पोथीत शिवलेली ठिगळं निघत नाहीत, पण विषाणूचा जोर मोडतो आणि कर्करोगाचा धोका कमी होतो. सिरॉसिस नसला तरी बी असलेल्या आशियाई वंशाच्या पुरुषांनी चाळिशीपासून आणि स्त्रियांनी पन्नाशीपासून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी असं इथल्या यकृततज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. गाठ दोन सेंटिमीटरची असताना सापडली तर ती कापून किंवा जाळून काढता येते. पोट फुगल्यावर सापडली तर आमच्या हातात फार थोडं उरतं.

लसीनं काय होतं ते तैवाननं दाखवलं. १९८४ मध्ये त्यांनी नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कर्करोग दहा वर्षांत निम्म्यावर आला. कर्करोग टाळणारी लस जगानं पहिल्यांदा पाहिली ती ही. ज्यांच्या मुली-सुना बाळंतपणाच्या वाटेवर आहेत, इथं असोत की पुण्यात, त्यांच्यासाठी सांगते: आईला बी असेल तर बाळाला जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच लस आणि सोबत प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागतं. बारशापर्यंत थांबायचं नसतं.

चरबीयुक्त यकृताबद्दल थोडक्यात, नाहीतर तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. २००८ साली टेक्सासमधल्या डॅलसच्या संशोधकांनी पीएनपीएलए-३ या जनुकातला एक अक्षरबदल शोधला, तो असला की यकृतात चरबी साठायची प्रवृत्ती वाढते. हा बदल जन्मजात असतो, आपल्याकडेही बऱ्याच जणांत आढळतो. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असून यकृत चरबीनं भरलेलं, हे मी पट्टीवर नेहमी पाहते. म्हणून मधुमेहाची तपासणी इतरांना २५ बीएमआयला सांगतात, आशियाई लोकांना २३ लाच. कॉफीबद्दल एक चांगली बातमी: २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नोंदवलं की रोजच्या प्रत्येक कपामागे यकृताच्या कर्करोगाचा धोका साधारण १५ टक्के कमी दिसतो. चहाबद्दल असं काही खात्रीनं म्हणता येत नाही. आपण कोकणस्थ-देशस्थ वाद खूप घातले, आता मद्रासी शेजाऱ्याचं ऐकायला हरकत नाही.

शेवटी तपासणीचं. २०२३ साली सीडीसीनं अठरा वर्षांवरच्या प्रत्येकानं आयुष्यात एकदा तरी हिपॅटायटिस बी ची तपासणी करावी अशी शिफारस केली. डॉक्टरांना सांगताना "बी ची तिन्ही चाचण्या" म्हणा: सरफेस अँटिजेन, सरफेस अँटिबॉडी आणि टोटल कोअर अँटिबॉडी. अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर विषाणू अंगात आहे, यकृताच्या डॉक्टरांकडे जा आणि घरच्यांचीही तपासणी करा. फक्त सरफेस अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल तर लसीचं संरक्षण आहे. तिन्ही निगेटिव्ह असतील तर लस घ्या. नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत होतात, २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या एका लसीचे दोनच, महिन्याच्या अंतरानं. आणि कोअर पॉझिटिव्ह, अँटिजेन निगेटिव्ह असेल तर विषाणू पूर्वी येऊन गेला आहे. तो यकृताच्या पेशीत झोपलेला असू शकतो, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली की जागा होतो. तो रिपोर्ट पासपोर्टशेजारी ठेवा, आणि असं औषध सुरू करायची वेळ आली तर डॉक्टरांनी विचारण्याआधी तुम्ही तो दाखवा.